कित्ता

फेब्रुवारीत काकूंचा फोन आला तेव्हा मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या एका बस स्टॉपवर पत्रकांचा गठ्ठा घेऊन उभी होते. "अगं, काका गेले. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला आणि..." बस आली आणि गेली. नेनेकाका माझे नात्याने कुणीच नव्हते. मूळचे साताऱ्याकडचे, मोटारींच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. मी नागपूरहून सोशल वर्क शिकायला आले त्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मला पाहिलं, म्हणाले, "हे जॅकेट नाही, अफवा आहे," आणि काकूंचा जाड कोट माझ्या अंगावर टाकला. त्या दिवशी बस स्टॉपवर माझ्या अंगात तोच कोट होता.

काकांना एक वेड होतं. शहराच्या इतिहास संग्रहात दर मंगळवारी बसून ते मिशिगनच्या एका पायदळ पलटणीची कागदपत्रं वाचायचे. अमेरिकेच्या यादवी युद्धातली पलटण, स्वतःहून भरती झालेल्या शेतकऱ्यांच्या पोरांची. कुठली तुकडी कधी केंटकीत, कधी टेनेसीत, कोण तापाने पडला, कोण परतला... हे सगळं ते पेन्सिलीने कार्डांवर उतरवायचे. "हजेरीपट गं. आपण ऑफिसात मस्टर म्हणतो ना, तेच," म्हणायचे. मला संताप यायचा. २००३ साल होतं, इराकवर बाँब पडत होते, मी दर शनिवारी चौकात घसा फोडत होते, आणि हा शिकलासवरलेला माणूस जवळपास दीडशे वर्षांपूर्वीच्या सैनिकांची हजेरी घेत बसला होता. एकदा तोंडावर म्हटलं, "काका, तुम्ही युद्धाचे भाट आहात." ते शांतपणे म्हणाले, "भाट गातो. मी नुसता वाचतोय. तूही वाचून बघ कधीतरी, पत्रकबाई."

त्या पलटणीत एझ्रा नावाचा एक पोरगा होता. नावापुढे शेरा: फरार. जवळच्या एका गावात पलटणीतल्या मृतांच्या नावांचा दगड नव्याने बसवायचा होता, आणि फरारी माणसाला त्यावर जागा नव्हती. एझ्राच्या भावाची पणती, ऐंशी ओलांडलेल्या रूथआजी, काकांकडे आल्या होत्या. घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या 'पळपुट्याचे' म्हणून हिणवलेलं. खरं काय ते मरायच्या आत कळावं, एवढंच त्यांचं मागणं. काकांना त्या शेऱ्याचा संशय होता. मी मात्र 'फरार' एवढंच ऐकलं आणि हरखले. युद्धाला नकार देणारा माझा नायक! दोन दिवसांत पत्रक छापलं: 'एझ्राने बंदूक फेकली, तुम्हीही फेका!' दगडाच्या समितीची बैठक होती त्या दारातच वाटलं. एक प्रत रूथआजींच्या हातात पडली. त्यांनी ती वाचली, चार घड्या घालून पर्समध्ये ठेवली आणि बैठकीला न जाता घरी गेल्या. समितीतले एक गृहस्थ काकांना म्हणाले, "तुमच्याकडचीच ही मुलगी सांगतेय तो पळाला म्हणून. मग प्रश्नच मिटला."

काका ओरडले असते तर मी भांडले असते. त्यांनी जेवणाच्या टेबलावर हजेरीपटाची झेरॉक्स पसरली. वर एका भलत्याच माणसाचं नाव, त्यापुढे 'फरार'. खालच्या दोघांपुढे नुसती दोन इंग्रजी अक्षरं, डी आणि ओ, आणि एक टिंब. त्यातला दुसरा एझ्रा.

"हे काय?" त्यांनी त्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं.

"डू...?"

"डू नव्हे, डिट्टो. माझे वडील तलाठी होते. त्यांच्या दप्तरात असायचं, कित्ता. म्हणजे वरच्यासारखंच. कारकून कंटाळला की माणसं कित्ता होतात." मग माझं पत्रक शेजारी ठेवून म्हणाले, "आणि यात तुझी ओळ कुठली?"

मी ओळीवर ओळ वाचत गेले. नागपूरच्या भिंतींवरून उचललेल्या घोषणा, नावं बदललेली. शाळेत गिरवतात तसाच कित्ता. मी रागाने निघून आले. पुढच्या मंगळवारी संग्रहात जाऊन त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली.

सगळा हिवाळा आम्ही फौजी इस्पितळांच्या नोंदी वाचल्या. एझ्रा सापडला तो टेनेसीत. आडनाव कारकुनाला ऐकू आलं तसं लिहिलेलं, पण कंपनी तीच, गाव तेच. 'फरार' ठरण्याच्या तीन आठवडे आधी तो हगवणीने मेला होता, आणि पलटणीला ते कुणी कळवलं नव्हतं. माझा नायक पळालाच नव्हता. आधी माणसाला युद्धात न्यायचं, मग खाटेवर मरू द्यायचं, आणि वर त्याला पळपुटा म्हणायचं... माझ्या कुठल्याही घोषणेत इतका राग मावला नव्हता. काका म्हणाले, "आता लिही पत्रक."

चार ओळी लिहिल्या. पहिल्यांदा रूथआजींना त्यांच्या ओसरीत वाचून दाखवल्या, माफी मागितली. त्यांनी फक्त विचारलं, "शेवटी त्याच्याजवळ कुणी होतं का?" "त्या रजिस्टरात तसा रकाना नाही," काका म्हणाले. आजींनी पर्समधून माझं जुनं पत्रक काढून काकांच्या हातात दिलं. वसंतात दगड बसला. त्यावर एझ्राचं नाव होतं.

परवा काकूंनी मला बोलावून काकांची फाइल दिली. "तुझंच आहे गं त्यात." चार घड्यांचं ते पत्रक होतं, प्रत्येक ओळीपुढे बारीक पेन्सिलीत 'कि.' लिहिलेलं, म्हणजे कित्ता. त्याखाली माझ्या चार ओळी. त्यांच्या पुढचा समास पूर्ण कोरा.

फाइलमध्ये बोटभर उरलेली पेन्सिलही होती. ती आता कोटाच्या खिशात असते. या लेखाची सुरुवात मी आधी 'हसतमुख, प्रेमळ नेनेकाका' अशी केली होती. पेन्सिल काढून पुढे 'कि.' लिहिलं आणि ओळ खोडली. काका काही हसतमुख नव्हते. ते तपासून बघायचे.