एकटीला बसू न देणाऱ्या जानकीबाई

जानकीबाई गेल्याचं मला पालघरच्या बाजारात कळलं. अम्मिणी भेटली. ती बोईसरच्या चाळीतली आमची जुनी शेजारीण, मूळची केरळची. आता तारापूरच्या वसाहतीत क्वार्टरमध्ये राहते. हातातली पिशवी खाली ठेवत ती म्हणाली, "जानकी गेला..." तिच्या मराठीत हा गोंधळ नेहमीचाच, त्यामुळे मला चटकन उमजलं नाही. "कुठे गेला? कोण?" असं मी विचारलं आणि ती भर बाजारात रडायला लागली. जानकीबाईंना जाऊन तेव्हा आठवडा उलटून गेला होता.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं तेव्हा बोईसर म्हणजे स्टेशन, थोडी दुकानं आणि भाताची खाचरं. बघता बघता चहूकडून माणसं येऊन पडली. एका बागायतदारानं रस्त्याकडेला कौलारू चाळ बांधली, तिच्यात आम्ही शिरलो. माझे यजमान ठेकेदाराकडे कारकून, आम्ही सांगलीकडचे. शेजारी अम्मिणी आणि तिचा वेल्डर नवरा, पलीकडे सतवंत आणि क्रेन चालवणारे तिचे सरदारजी, आणि टोकाच्या खोलीत जानकीबाई. त्या किनाऱ्यावरच्या मांगेल्यांच्या, पिढीजात मासेमार घरातल्या. रोजंदारी मिळते म्हणून त्यांचे यजमान रघुनाथ समुद्र सोडून बांधकामावर आले होते. मूलबाळ नव्हतं. सुरुवातीला आम्ही बायका एकमेकींशी बोलतच नव्हतो. भाषा येत नव्हती हे एक, आणि कोण कुठली, काय जातीची, काय खाते, हा संशय दुसरा. विहिरीवर घागर बुडवतानासुद्धा नजर चुकवायची.

एका संध्याकाळी कामावरचा ट्रक आला आणि त्यातून अम्मिणीचा नवरा उतरला नाही. कोणी म्हणे मागे राहिला, कोणी म्हणे त्याला लागलंय. अम्मिणी नवी नवरी, कोणाला काय विचारणार? उंबऱ्यात बसून नुसती रस्त्याकडे बघत होती. जानकीबाई चटई घेऊन आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. मग मला हाक मारली, "बाई, भाईर या. त्या सरदारनीला पन बोलवा."

"आपण बसून काय होणार?" मी म्हटलं.

"काय होनार नाय. पन होडी मागं राह्यली तं आमी त्या होडीवाल्याच्या बायकोला किनाऱ्यावर एकटी ठेवत नाय. सगला गाव बसतो."

आम्ही बसलो. सतवंतनं रोट्या आणल्या. दिवेलागण होऊन गेल्यावर तो हाताला पट्टी बांधून कोणाच्या तरी सायकलवर डबलसीट आला, तेव्हा सतवंत मोठ्यानं ओरडली, "आ गए जी, आ गए!" आणि जानकीबाईंनी अम्मिणीच्या पाठीत एक धपाटा घातला. "आता रड हवं तेवडं!"

तिथून ओट्यावरचं बसणं सुरू झालं. त्याला ना नाव होतं, ना वर्गणी. बाळंतपण असो, ताप असो, गावाकडची वाईट तार असो, त्या घरातली बाई एकटी राहायची नाही. सतवंत जानकीबाईंना लोकर विणायला शिकवू बघायची. "ह्या उकाड्यात स्वेटर कोनाला घालू, माशांना?" म्हणून त्या सुया परत करायच्या. दोघी आपापल्या भाषेत तासन्‌तास भांडायच्या, आणि एकीला दुसरीचं बरंचसं कळायचंही...

मग केंद्राच्या वसाहतीत क्वार्टर्स तयार झाल्या. ज्याच्या त्याच्या हुद्द्याप्रमाणे घरं मिळाली. आधी सतवंत गेली, मग अम्मिणी. आमची बदली पालघरला झाली. वसाहतीत ज्याच्या त्याच्या भाषेचं मंडळ निघालं, ज्याचा त्याचा सण, ज्याचा त्याचा चिटणीस. कोणी कोणाशी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. रघुनाथ रोजंदारीवरचे, त्यांना क्वार्टर कुठली? ते चाळीतच राहिले. पुढे बांधकाम आटोपत आलं, मजूर कमी झाले. गावातलं घर दिरांनी वाटून घेतलं होतं. रघुनाथ डहाणूकडच्या कोणाच्या तरी होडीवर खलाशी म्हणून गेले. एकदा वारा फिरला आणि ती होडी परत आली नाही.

त्यानंतर जानकीबाई एकदाच माझ्याकडे आल्या. पाणी दिलं, तर तांब्या हातात धरून बसून राहिल्या.

"बंदरावर गेलते, बाई. त्या गावच्या बायका एका ठिकानी बसलेल्या. मला कोन वलखतं? मी लांब बसले. एक बाय बोलली, तू कुठली गं? मी बोलले, बोईसरची. तं बोलली, मंग हितं कशाला?"

"आणि चाळीत?"

"चाळीत दारं बंद. सगली नवी मानसं, कामाच्या पाळीवरून येतात नि झोपतात. ओट्यावर बसले तं एकजन बोलला, आजी, आत बसा ना."

मी राहायचा आग्रह केला. त्या नुसत्या हसल्या. "राहून काय करू? आता वाट बगायला पन कोन नाय." मी त्यांना स्टेशनवर सोडलं. गाडी सुटली तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

बाजारात अम्मिणीनं राहिलेलं सांगितलं. होडी बेपत्ता होती त्या दिवसांत जानकीबाई वसाहतीत तिच्या दारी गेल्या होत्या. घरात मंडळाच्या बायका जमल्या होत्या, ओणमच्या नाचाची तालीम चालली होती. "मी बोलला, उद्या ये." अम्मिणी पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. "उद्या ये बोलला मी." जानकीबाई पुन्हा तिच्या दारी गेल्या नाहीत. पुढे ताप आला, अन्न तुटलं. दोन दिवस दार उघडलं नाही तेव्हा मालकानं ढकललं. खांदा द्यायला रस्त्यावरून मजूर बोलवावे लागले.

परवा मी बोईसरला जाऊन आले. टोकाच्या खोलीत आता एक जोडपं राहतं. मी कोण, कशाला आले, हे सांगितल्यावर त्या मुलीनं नाक मुरडत आत घेतलं. जानकीबाई सुके बोंबील टांगायच्या ती खुंटी त्यांनी उपटून टाकली आहे, तिथं भिंतीला खड्डा पडलाय. "आधीच्या बाईनं भिंतीत काय मुरवलंय कोण जाणे," मुलगी म्हणाली. "दोनदा चुना मारला, वास जात नाही." मी खड्ड्याजवळ उभी राहिले. वास खरंच होता... खारा, जुना, भिंतीत खोल गेलेला.

"रविवारी तिसरा हात देणार आहोत," ती म्हणाली. "मग जाईल."