घोकलेला उतारा

करुणा कांबळे बाई काही लबाड नव्हेत. संगमेश्वराकडच्या खेड्यातून रत्नागिरीत आल्या, नगरपालिकेच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं, आणि सव्वीस वर्षं लोकांचं एकच ऐकलं, "नगरपालिकेची शाळा ना? मग काय!" त्या 'मग काय'नेच घात केला बघा.

एका संस्थेने शाळेला अनुदान दिलं. मागे पडलेल्या मुलांसाठी वेगळा वाचनवर्ग, त्याला एक जादा शिक्षिका, गोष्टींची पुस्तकं. वर्ग सुरू होण्याआधी एक आणि वर्षाअखेर एक, अशा मुलांच्या दोन चाचण्या घ्यायला संस्थेची मृणाली येणार होती. पहिल्या चाचणीचा उतारा आठवडाभर आधी शाळेत आला, आणि बाईंनी तो मुलांकडून चक्क घोकून घेतला. अहो, परक्या माणसांसमोर शाळेची लाज जायला नको! मासळीच्या कंपनीत कोळंबी सोलणाऱ्या काशीची लेक मैना, जिला धड अक्षर कळत नव्हतं, तिनेही धडाधडा म्हणून दाखवला. मृणाली खूश.

पुढे वर्षभर वर्ग मन लावून चालला. मैना खरोखर वाचायला लागली. एसटीवरच्या पाट्या वाचत घरी जायची.

मार्चमध्ये दुसरी चाचणी झाली, उतारा नवा. मैनाने शब्दाखाली बोट ठेवून, अडखळत, पण स्वतःचं स्वतः वाचलं. कागदावर मात्र काय उमटलं? पहिल्यांदा अस्खलित, आता अडखळते! सगळ्या वर्गाचं तेच. मुलं म्हणे मागे गेली. अनुदान थांबलं, वर्ग बंद.

बाईंनी धावत जाऊन मृणालीला सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "बाई, आम्हाला न येणारीच मुलं हवी होती हो! आता पैसे दुसऱ्या शाळेला गेले."

जूनमध्ये मैना शाळेत आलीच नाही. बाई तिच्या घरी गेल्या.

"वर्षभर शिकून मागेच गेली ना पोर?" काशी म्हणाली. "आता धाकट्याला सांभाळील."

"नाही गो काशी! चूक माझी आहे. पहिला उतारा मीच पाठ करून घेतला होता."

काशीने शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही भल्या आहात, बाई. पोरीचा दोष स्वतःवर घेताय."

बाईंनी शपथा घेतल्या, हात जोडले, काशीला पटेना. करुणाबाई उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडल्या.

धाकट्याला कडेवर घेऊन मैना जवळ आली. "रडू नका ना बाई," ती हळूच म्हणाली, "मी आहेच ढ."