शिळेचा आडोसा

१६ जुलै, दुपारी सव्वादोन. हिमनदीवर उबदार वारा आणि पाऊस एकदम तुटून पडले. भोवतालचे बर्फ उन्हाने आधीच खचले होते; हत्तीएवढी शिळा आपल्याच सावलीने राखलेल्या बर्फाच्या मानेसारख्या अरुंद खांबावर तोलून उभी होती. तिच्या आडोशाला आमचा तंबू होता.

“उन्हाळाभर उन्हात उभी आहे, पावसाला भिते होय?” सहकारी गोविंदराव आतूनच हसले.

“ऊन वरून मारतं. हा वारा थेट मानेला धरतो. बाहेर या!” मी हाक दिली.

ते बाहेर आले, दोघांनी तंबू ओढून नेला, तोच मान तुटली. शिळा आमच्या जागेवर आदळली.

ऊन निदान सावलीला सोडते. दमट वारा सावलीत शिरून आपली सारी ऊब बर्फावर ओततो. आडोसा शिळेचा होता, वजनही तिचेच.

संध्याकाळी मी घाईत मागे राहून शिळेच्या कडेने चेपलेला स्टोव्ह ठोकून सरळ केला आणि उघड्यावर पेटवला.