गाड्यांच्या साइटवर वधू-वर

घरी इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून कण्हत-कुंथत यायचं, त्या काळातली ही गोष्ट. विरारमधल्या आमच्या ज्ञातीच्या मंडळाने वधू-वरांची वेबसाइट काढायचं ठरवलं. मी नुकताच वेबसाइटचा कोर्स केला होता, लग्नाची होते आणि पैसे मागणार नव्हते. काम माझ्याकडे आलं.

"सगळं मुळापासून करणार," मी ऐटीत सांगितलं. दुसऱ्याचा कोड उचलणं मला उष्टं खाण्यासारखं वाटायचं. वधू-वर मेळाव्यापर्यंत तीन आठवडे हातात होते. त्यातले दोन पहिल्या पानावरची गरगर फिरणारी समई आणि आपोआप वाजणारी सनई यांतच गेले. नाव नोंदवायची सोय अजून कुठेच नव्हती.

मंडळाच्या अध्यक्षकाकांनी ते पाहिलं. "समई फिरते कशाला गं? माझ्या पुतण्याने जुन्या गाड्या विकायची साइट केलीय, चांगली चालू आहे. तीच घे आणि शब्द बदल."

"काका, गाड्या आणि माणसं यांत फरक असतो."

"एक दाखवणारा, एक बघणारा. फरक कसला? मेळाव्याला आठ दिवस राहिलेत."

शब्द बदलायला बसले आणि काकांचं म्हणणं खरं निघालं. 'मॉडेल'चं जन्मवर्ष झालं, 'ॲव्हरेज'चा पगार, 'किंमत'च्या जागी 'अपेक्षा'. 'रंग' तर तसाच राहिला. विकणाऱ्याने बावीस रकाने भरायचे, घेणाऱ्याने फक्त नाव, गाव आणि फोन. मुलींना विकणाऱ्यांचा फॉर्म लागला आणि मुलांना घेणाऱ्यांचा. हे मी काकांच्या कानावर घातलं.

"मुलाचा रंग कोण बघतं?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

चाचणीसाठी कुणाची तरी माहिती भरायला हवी होती. मी माझीच भरली.

मेळाव्यात हॉल गच्च भरला होता. काकांनी मोठ्या पडद्यावर पहिलं स्थळ उघडलं, ते अर्थातच माझं. पहिल्या रांगेत आई नवी साडी नेसून बसली होती. जन्मवर्ष, उंची, शिक्षण, रंग गव्हाळ; आणि त्याखाली, बदलायची राहून गेलेली ओळ: 'अपघात : नाही.'

मला तिथून पळून जावंसं वाटलं. वटारहून आलेल्या एका बाईंनी विचारलं, "अपघात म्हंजे काय वो?"

काका जरासुद्धा अडखळले नाहीत. "म्हणजे आधी कुठे ठरून मोडलेलं नाही."

"हां, मग बरं हाय. पोरीचं आधीच कळलेलं चांगलं."

हॉलमध्ये माना डोलल्या, आईचीसुद्धा. काकांनी मला तिथेच फर्मावलं, "हा रकाना राहू दे हं."

घरी येऊन मी एवढंच केलं: मुलींचा फॉर्म मुलांनाही लावला. बावीसच्या बावीस रकाने, एकही रिकामा सोडला तर फॉर्म पुढे जाणार नाही. कुणाला विचारलं नाही. मुलांच्या वडिलांचे फोन यायला लागले. एकाने चिडून विचारलं, "आमच्या मुलाचं वजन तुम्हाला काय करायचंय?" मी म्हटलं, "साइटच तशी आहे हो, आधीपासून."

मग एका रविवारी काकांनी मला घरी बोलावलं. त्यांच्या मुलाचं नाव नोंदवायचं होतं. मुलगा सोफ्यावर पेपर वाचत होता. मी विचारत गेले, काका सांगत गेले. रंगाशी थोडे थांबले, मुलाकडे बघितलं आणि म्हणाले, "उजळ लिही." मुलाने पेपर वर सरकवला.

"अपघात?" मी विचारलं.

मग पेपरमागून मुलगा म्हणाला, "हो लिहा. साखरपुडा झाला होता."

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा कसला रकाना? गाड्यांचा दिसतोय. काढून टाक."

काढायला मला चार दिवस लागले. पुतण्याने ती एक ओळ सात ठिकाणी गुंतवून ठेवली होती. एकीकडे काढली की दुसरीकडे सगळ्यांचे फोटो गायब व्हायचे. काका रोज विचारायचे, "झालं का?" आणि मी, कोड समजून घ्यायला कंटाळलेली मुळापासूनवाली, रोज पुतण्याला शिव्या घालायचे.

वर्षभरात साइटवर मुली भरपूर आल्या, मुलगे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुढच्या मेळाव्याला मंडळाने पुन्हा पूर्वीसारखी छापील पुस्तिका काढली. तीत मुलीला अर्धं पान होतं आणि मुलाला तीन ओळी.