हजीऱ्याचा टूल चेक

आमची इंजिनिअर प्लाटून सुरतेजवळ हजीऱ्याला गेली ती लढायला नव्हे, ओझी उचलायला. लोखंडी पुलाचे सुटे भाग तिथल्या एका कार्गो टर्मिनलवरून जहाजात चढवायचे होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नायब सुभेदार होतो, प्लाटूनचा जेसीओ. गावात कुणी विचारलं की मी खरं ते सांगत असे. सॅपरची, म्हणजे इंजिनिअर जवानाची, बरीचशी नोकरी फावडं, पाना आणि दोरखंड यांच्यात जाते. ऐकणाऱ्याचं तोंड लगेच उतरायचं. त्याचा मला राग यायचा आणि अजूनही येतो.

सकाळी पीटी, मग लोडिंग, दुपारी लंगरचं जेवण, पुन्हा लोडिंग. सगळं हवालदार भिका पाटलांच्या हाताखाली चालायचं. धुळ्याकडचा माणूस, बोलणं मोजकं. त्यांची पेन्शन काही आठवड्यांवर आली होती. त्यांचे थोरले भाऊ नाना सुरतेतल्या नवागामला राहायचे, पॉवरलूमवर कामाला. त्यांनी शेजारची खोली भिकासाठी धरून ठेवली होती आणि एका कारखान्यात वॉचमनची नोकरीही बघितली होती. भिका सैन्यात आले तेव्हापासून दोघांची भेट व्हायची ती लग्नाकार्यात किंवा कुणी गेल्यावर. आता उरलेलं आयुष्य मधे एक भिंत ठेवून शेजारी काढायचं, एवढाच बेत होता. खोली बघायला जाण्यासाठी मी भिकांना एका संध्याकाळचा आउटपास सही करून दिला होता.

त्याच दिवशी सकाळी टर्मिनलची पाण्याची मुख्य लाइन फुटली. शेडसमोरचा रस्ता फुगला, मधोमध फाटला आणि गढूळ पाणी गुडघाभर चढलं. टर्मिनलचा फिटर रमणभाई धावत जाऊन मेन वॉल्व्ह बंद करून आला. पाणी थांबलं, पण त्याबरोबर आग विझवायची लाइनही कोरडी पडली. शेजारीच पेट घेणाऱ्या रसायनांच्या टाक्या होत्या. शहरातून दुरुस्तीची गाडी यायला वेळ लागणार होता. मॅनेजरने आमच्या मेजर साहेबांना विचारलं. साहेबांनी मला फक्त एवढं म्हटलं, "कर सकते हो?"

"करेंगे, साब."

आम्ही खड्डा खणला. माती खाडीकाठच्या भरावाची, ओली आणि भुसभुशीत. भिकांनी दोन्ही बाजूंना फळ्या लावून टेकू मारले, मगच माणसं खाली सोडली. पंप लावून पाणी उपसलं. फुटलेल्या जागी लोखंडी कॉलर बसवून बोल्ट आवळायचे होते. रमणभाई आमच्या पोरांबरोबर चिखलात उभा राहिला. तो गुजराती बोलायचा, आमची पोरं हिंदी आणि मराठी, पण कुणाचं काही अडलं नाही.

दुपारी नाना गेटवर आले, सायकलला डबा लावून. पाळी संपवून तसेच आले होते, केसांत कापसाचे तंतू.

"भिका, पहिले भाकरी खाई ले. काम काही पळी जात नही."

"ऱ्हाऊ दे, नानाभाऊ. संध्याकायले घरच येस ना मी."

"मंग मी अठेच बसस. संगेच जाऊत."

ते गेटजवळच्या झाडाखाली बसून राहिले. भिका दोनदा तिकडे बघून हसले. एरवी कामावर हसणारा माणूस नव्हे तो.

उन्हं कलायच्या आत कॉलर बसली. रमणभाईने वॉल्व्ह थोडा उघडून पाहिला. गळती नव्हती. माणसं वर आली, आम्ही फळ्या आणि टेकू काढून घेतले. आता फक्त माती ढकलायची होती. फळ्या निघाल्या की खड्ड्यात कुणी उतरायचं नाही, हा भिकांचाच नियम. दुसराही एक नियम होता, तो सगळ्या सॅपरांचा. काम संपलं की टूल चेक. हत्यारं ताडपत्रीवर मांडायची, मोजायची, आणि एक जरी कमी असेल तर जागा सोडायची नाही.

एक रिंग पाना कमी होता.

मी तिथून थोडा दूर वायरलेसवर होतो. "कंट्रोल, टेस्ट ओके. फिलिंग के बाद मेन वॉल्व्ह खोलेंगे. ओव्हर."

"रॉजर. कितना टाइम? ओव्हर."

तेवढ्यात भिकांचा आवाज ऐकू आला. पाना शोधायला एक सॅपर खड्ड्याकडे निघाला होता. "तू थांब. मी बघतो," असं म्हणून भिका स्वतः उतरले. मी वळलो तेव्हा त्यांची टोपी तेवढी दिसली. मग एका बाजूची कड त्यांच्यावर ढासळली. आवाज फार झाला नाही, धान्याचं पोतं जमिनीवर टाकावं एवढाच.

आम्ही हातांनी उकरलं. फावडं भिकांना लागेल म्हणून कुणी ते हातात घेईना. भिकांना वर काढलं तेव्हा श्वास नव्हता. टर्मिनलच्या डॉक्टरने छाती दाबत बराच प्रयत्न केला, मग हात काढून घेतले.

रमणभाई वॉल्व्हकडून परत आला तो पाना हातात घेऊनच. "साहेब, पानो तो मारी पासे छे. वॉल्व्ह कसवा लई गयो तो." वॉल्व्ह आवळायला त्यानेच तो नेला होता. त्यांच्या टर्मिनलवर हत्यार असंच एकमेकांचं उचलतात, काम झालं की आणून ठेवतात. आमची मोजणी त्याला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. मला त्याचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

गेटवर मीच गेलो. नानांना सांगितलं. ते चालत आले, भिकांच्या तोंडावरची माती आपल्या रुमालाने पुसत राहिले. रमणभाई समोर उभा राहिला आणि मोडक्या हिंदीत सगळं बोलून गेला. नानांनी त्याच्या हातातून पाना घेतला, थोडा वेळ धरला आणि मला दिला.

"मोजी ल्या, साहेब. तेनं काम अर्धं ऱ्हायाले नको."

मी प्लाटून रांगेत फॉल-इन केली. ताडपत्रीवर पाना ठेवला आणि पहिल्यापासून मोजलं. हत्यारं पूर्ण होती. रिपोर्ट घ्यायला हवालदार पुढे येतो. त्या जागी कुणी आलं नाही, आणि मीही कुणाला बोलावलं नाही.