साक्ष होईपर्यंत

पोलीस नोकरीतली ती घटना आजही मनातून जात नाही, आणि त्याचं कारण आरोपी नव्हे, फिर्यादी बाई आहे.

थळची ही मासळी विकणारी बाई नवऱ्याबरोबर भरदुपारी सुरूच्या बनातून घरी चालली होती. एका अनोळखी माणसाने तिच्या गळ्यातली माळ ओढली. नवरा आडवा आला, तेव्हा त्या माणसाने तिच्यासमोरच त्याला भोसकलं. नवरा जागीच गेला. दुसरा साक्षीदार नव्हता.

तिसऱ्या दिवशी मांडवा जेट्टीवरच्या चहावाल्याचा फोन आला. "साहेब, एक जण सकाळपासून बसलाय. हाताला फडकं गुंडाळलंय. प्रत्येक बोटीचं विचारतो, चढत एकीतही नाही."

त्याला ताब्यात घेतलं. चौकशीत दोन दिवस एकच उत्तर: "मी थळला कधी गेलोच नाही." सुरा सापडला नाही, माळही नाही. सगळी भिस्त ओळख परेडवर होती. परेडच्या वेळी पोलिसांना आत थांबता येत नाही. परेड घेणाऱ्या नायब तहसीलदारांनी नंतर सांगितलं, बाई सरळ त्याच्यासमोर गेली आणि त्याच्या छातीला हात लावला. केस उभी राहिली.

महिन्याभराने तिची मुलगी ठाण्यात आली.

"साहेब, आय झोपत न्हाय. मासळी कापायची कोयती हातात धरत न्हाय. अलिबागला एक डॉक्टरीण हाय. ती डोळ्यांपुढं हाताचं बोट इकडून तिकडं नेते, आपण ती आठवण मनात धरून त्यामागं नजर फिरवायची. तरास कमी होतो म्हणतात. नेऊ का?"

माझा हवालदार हसला. "आणि बोट फिरवून तिनं त्याचा चेहराच पुसला, तर कोर्टात काय दाखवायचं गो बाय?"

मलाही ते पटलं. कामांच्या वहीत मी नोंद केली: साक्ष होईपर्यंत उपचार नाहीत. मुलीला तसं बजावलं.

साक्षीची तारीख तीन वर्षांनी लागली. बाईने त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा सांगितलं. उलटतपासात ती एकदाही अडखळली नाही. बाहेर व्हरांड्यात आली आणि मला म्हणाली, "साहेब, आता इसरू ना?"

त्याच आठवड्यात मी स्वतः त्या मायलेकींना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"आठवण पुसणं हा या उपचाराचा हेतूच नाही, साहेब. चेहरा राहतो, तो आठवला की अंग थरथरतं, ते कमी होतं. जबाब तर तुमच्याकडे लेखी होता. मला एक फोन करायचात."

माझ्या वहीत त्या केसच्या प्रत्येक कामापुढे बरोबरची खूण आहे. डॉक्टरांना विचारणं हे काम त्यात नव्हतंच. तेव्हापासून साक्षीदाराला 'थांबा' म्हणण्याआधी मी त्यातलं कळणाऱ्या माणसाला विचारत आलो.

आरोपीला जन्मठेप झाली. बाईने मात्र ती दुपार तीन वर्षं माझ्या सांगण्यावरून सांभाळली. मुलगी सांगते, आता तिला थोडी झोप लागते.

मासळी अजून मुलगीच कापते.