आबांनी न फोडलेली बाटली

आबा गेल्याचा निरोप बारामतीला, कॉलेजच्या वसतिगृहावर आला. त्याला महिना होऊन गेला. दुःख आहेच, पण आठवायला बसलो की त्याच्याही आधी किळस येते... आबांची नव्हे, त्यांच्या दहाव्याची. मला हे नीट लिहिता येईल का, माहीत नाही.

आबा माझे थोरले चुलते. आमचं घर निरवांगीचं. आजोबांनी मेंढरं राखली. आबा साखर कारखान्याच्या डिस्टिलरीवर वॉचमन झाले. मळीच्या त्या आंबूस वासात जन्म गेला, पण दारू त्यांनी कधी तोंडाला लावली नाही. तरी घरच्या कोनाड्यात स्कॉचची एक सीलबंद बाटली होती. यंत्रं बसवायला आलेल्या स्कॉटलंडच्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरनं ती जाताना दिली होती. त्याचा आजा मेंढपाळ, बाप दारूची लाकडी पिंपं बांधणारा. आबांनी त्याला आमची मेंढरं दाखवली, तेव्हा तो मूठभर लोकर हातात घेऊन हुंगत बसला म्हणे. बाटलीतली दारू एकाच पिंपातली, दुसरी कुठलीही न मिसळलेली, माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं मुरलेली. मुरताना पिंपातून दरवर्षी थोडी उडून जाते. तिकडचे लोक त्या उडालेल्या दारूला देवदूतांचा वाटा म्हणतात. हे आबांना फार आवडलं होतं. दिवेलागणीला ते बाटली दिव्यासमोर धरून, देवानं आणखी काही नेलं का म्हणून, पातळी बघायचे. "तिकडं देव पित्यात, हितं माणसं," म्हणायचे. "ज्यानं पिंप भरलं त्याला ठावं हुतं, आपल्याला चाखायला मिळायची न्हाय. तरी भरलंच की! ही कुणाला फोडू द्यायची न्हाय."

दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. आबांचे मेव्हणे, म्हणजे काकीचे भाऊ संपतराव म्हणाले, "बाटलीत जीव अडकलाय दाजींचा. आणा ती!"

मी कसाबसा बोललो, "मामा, आबा पीत नव्हते."

"कॉलेजात गेलास म्हणून मेलेल्याच्या मनातलं बी कळाया लागलं व्हय रं?"

लोक हसले. मोटारसायकलवरून बाटली आली, सील फुटलं. झाकणभर पिंडावर ओतली, भातातून पिवळा ओघळ वाहिला. उरलेली बाभळीआड स्टीलच्या पेल्यांत, गोड कोल्ड्रिंकात कालवून. "औषधावाणी लागतीया," म्हणून एकजण पचकन थुंकला, आणि पुन्हा पेला पुढं केला. नुकतीच भादरलेली डोकी, ओठ पुसणारे हात... मी नदीकडं तोंड फिरवलं.

काकी उठली. भिजलेला भात तिनं बाजूला सारला आणि पानावर आबांच्या रोजच्या जेवणातला बाजरीच्या भाकरीचा तुकडा, हुलग्याचं घट्ट माडगं ठेवलं. "या आता," एवढंच म्हणाली. कावळा लगेच आला.

बाभळीआडून आरोळी उठली, "बघा, पोचली बाटली!"

गेल्या आठवड्यात मी घरी असताना संपतरावांनी माणूस पाठवला: मोकळी बाटली द्या, लेबल झ्याक हाय, साधी दारू भरून पाव्हण्यांम्होरं ठेवता येईल. काकीनं ती राखेनं घासून परत कोनाड्यात ठेवली होती. "न्हाय म्हणून सांग," ती त्या माणसाला म्हणाली. मग दिवा लावला, बाटली उचलली आणि आबा धरायचे तशी दिव्यासमोर धरली. रिकाम्या काचेतून नुसती ज्योत दिसली.

"देवाला बी काय ठिवलं न्हाय रं," ती मला म्हणाली, आणि पदरानं पुसून बाटली जागेवर ठेवली.